औषधाचे आडनाव

मराठी माणसाचे आडनाव कळले की बहुधा गावही कळते. सातारकर साताऱ्याचा, माशेलकर माशेलचा. औषधांच्या दुनियेतही अशी आडनावे असतात. स्ट्रिपवर कंपनीने दिलेले नाव असते आणि त्याच्यासोबत औषधाचे खरे नाव असते. घरातल्या ज्येष्ठांचा औषधांचा डबा उघडून चष्मा लावून ही खरी नावे वाचावीत. रोसुवास्टॅटिन, ॲटोर्वास्टॅटिन. रामिप्रिल, एनालाप्रिल. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन. पँटोप्राझोल, फेबुक्सोस्टॅट. एकाच घराण्यात सुरुवातीची अक्षरे बदलतात, शेपटी तीच राहते. ही शेपटी म्हणजे त्या औषधाचे आडनाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली ही नावे ठरतात आणि आडनावावरून डॉक्टरला औषधाचे काम कळते.

वर दिलेली सगळी घराणी वेगवेगळी असली, तरी त्यांचा धंदा एकच आहे. प्रत्येक औषध शरीरातल्या एका विशिष्ट एन्झाइमचे काम अडवते. एन्झाइमला पाठ्यपुस्तकात विकर म्हणतात. पेशीतल्या ज्या रासायनिक क्रियेला एरवी फार काळ लागला असता, ती विकर क्षणात घडवून आणते. स्टॅटिन यकृतातले कोलेस्टेरॉल बनवणारे विकर रोखते. प्रिल रक्तदाब वाढवणारे, ग्लिप्टिन इन्सुलिनला मदत करणारे संप्रेरक नष्ट करणारे, प्राझोल जठरात आम्ल सोडणारे आणि फेबुक्सोस्टॅट यूरिक ॲसिड तयार करणारे विकर थांबवते. सकाळच्या चहाबरोबर घेतली जाणारी गोळी ही अनेकदा अशी एक अटकाव करणारी वस्तू असते.

आपल्याकडे औषधाची चर्चा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. गोळी महाग का, जेनेरिक कुठे मिळेल, कंपनीने किती नफा कमावला, हे प्रश्न रास्तच आहेत. पण हा रेणू मुळात कोणी आखला, त्याला किती वर्षे लागली, त्यासाठी पैसे कोणी दिले, हे सहसा कोणी विचारत नाही. हे प्रश्न न विचारण्याची किंमत भारताने मोजली आहे आणि यापुढे ती अधिक मोजावी लागणार आहे.

जुनी औषधे बरीचशी सापडलेली होती, आखलेली नव्हती. जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा कुठे १९७३ मध्ये तांदळावरच्या एका बुरशीत पहिला स्टॅटिन हाती लागला. ही गवताच्या गंजीत सुई शोधण्याची पद्धत. सुई सापडते, पण गंजी उपसावी लागते.

प्रिल घराण्याची गोष्ट वेगळी आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. सर्जिओ फेरेरा हे ब्राझिलियन संशोधक या विषाचा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. विषातले काही घटक रक्तदाब वाढवणाऱ्या एका विकराला जखडतात, असे तिथल्या कामातून पुढे आले. पण हे घटक प्रथिनांचे तुकडे होते. गोळी म्हणून गिळले तर पोटातच पचून जायचे. मग अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीतले मिगेल ओंडेट्टी आणि डेव्हिड कुशमन कामाला लागले. त्या विकराची रचना तेव्हा कोणी पाहिलेली नव्हती. मात्र त्याच्यासारखेच काम करणाऱ्या दुसऱ्या एका विकराची रचना माहीत होती आणि त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू होता. चुलतभावाचा चेहरा पाहून न पाहिलेल्या माणसाचे चित्र काढावे, तसे या दोघांनी कागदावर विकराच्या खाचेचे चित्र काढले. त्या खाचेत बसेल असा लहानसा रेणू आखला आणि जस्ताला धरून ठेवण्यासाठी त्याच्या टोकाला गंधक लावले. रेणूची ताकद हजारपटीहून अधिक वाढली. तेच कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले. औषध आखता येते, याचा तो पहिला ठळक पुरावा होता.

त्यानंतरची मोठी परीक्षा एचआयव्हीने घेतली.

हा विषाणू पेशीत शिरला की आपली प्रथिने सुटी सुटी बनवत नाही. कापडाच्या थानासारखी लांबलचक, न कापलेली बनवतो आणि नंतर प्रोटिएज नावाचे विकर त्यांचे योग्य जागी तुकडे करते. हे तुकडे झाले नाहीत, तर बाहेर पडणारा विषाणू अर्धवट राहतो आणि कोणालाही बाधा करू शकत नाही, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी या प्रोटिएजची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. ती पाहून मराठी माणसाला अडकित्ताच आठवेल. ९९ अमिनो आम्लांच्या दोन अगदी एकसारख्या साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या असतात. दोघींच्या मधल्या खाचेत ॲस्पार्टिक आम्लाची दोन पाती समोरासमोर येतात आणि वरून दोन झडपा मिटतात. प्रथिनाची साखळी खाचेत आली की कट्‌कन तुटते.

आता हा अडकित्ता बंद कसा पाडायचा? त्यात सुपारीऐवजी खडा अडकवायचा, हे कोणीही सांगेल. कोणता खडा, हा खरा प्रश्न. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४० च्या दशकातच याचे सूत्र सांगून ठेवले होते. विकराची पकड सर्वांत घट्ट असते ती पदार्थ तुटत असतानाच्या क्षणी. म्हणजे अख्ख्या सुपारीसारखा खडा उपयोगाचा नाही. अर्धवट तुटलेल्या सुपारीसारखा दिसणारा, पण कधीच न तुटणारा खडा हवा. प्रोटिएजच्या बाबतीत रसायनशास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. साखळी जिथे तुटते, त्या जागी त्यांनी न तुटणारा एक हायड्रॉक्सिल गट बसवला. डिसेंबर १९९५ मध्ये साक्विनाविरला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नाविर आडनावाचे नवे घराणे सुरू झाले. १९९६ मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर आले. दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि अमेरिकेत १९९६ च्या तुलनेत १९९७ मध्ये एड्सने होणारे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले.

पण विषाणूही स्वस्थ बसणारा नव्हता. एचआयव्ही आपल्या जनुकांची नक्कल करताना चुका करतो आणि त्या तपासत नाही. रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी विषाणू तयार होतात, त्यात एखादी चूक विषाणूच्या फायद्याची निघते. प्रोटिएजच्या खाचेतले एखादे अमिनो आम्ल बदलते. सुपारी पूर्वीसारखीच तुटते, खडा मात्र निसटतो. पहिल्या पिढीतली नाविर औषधे अशी एकेक करून निकामी होऊ लागली.

इथे या कहाणीत एक बंगाली नाव येते. अरुण घोष यांचे शिक्षण कोलकाता विद्यापीठात आणि आयआयटी कानपूरमध्ये झाले. पीएचडी पिट्सबर्गला. त्यानंतर हार्वर्डला ई. जे. कोरी यांच्या प्रयोगशाळेत काम. मोठमोठे नैसर्गिक रेणू प्रयोगशाळेत पायरीपायरीने कसे बांधायचे, या विद्येत कोरी म्हणजे गुरूंचे गुरू. त्यासाठीच त्यांना १९९० चे नोबेल मिळाले. घोष मग मर्क कंपनीत गेले आणि १९९४ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढे २००५ पासून ते पर्ड्यू विद्यापीठात आहेत.

घोष यांनी प्रश्नच वेगळा विचारला. विषाणू खाचेत काय काय बदलू शकतो, याच्या मागे बाकीचे लागले होते. विषाणूला काय बदलता येणार नाही, हे घोष यांनी शोधायला घेतले. प्रथिनाच्या साखळीला एक कणा असतो आणि कण्यातून बाहेर आलेल्या बाजूच्या फांद्या असतात. जनुकात चूक झाली की फांदी बदलते. कणा मात्र होता तिथेच राहतो, कारण तो हलला तर विकराचा आकारच मोडेल आणि विषाणू स्वतःच मरेल. वाड्याच्या खिडक्या-दारे हवी तशी बदलता येतात, पण तुळईला हात लावला की छप्पर खाली येते. घोष यांचे म्हणणे साधे होते. औषधाने फांद्यांना लोंबकळू नये, तुळईला धरावे.

म्हणणे साधे असले तरी काम सोपे नव्हते. कण्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवेल, अशी एक लहान, ताठ आणि पोटात टिकणारी रचना हवी होती. साक्विनाविरचा मोठा, बोजड भाग काढून त्या जागी काय बसवता येईल? साक्विनाविर तोंडाने घेतले तर जेमतेम ४ टक्के औषध रक्तात पोहोचत असे, म्हणून बोजा कमी करणे गरजेचेच होते. घोष यांना निसर्गातल्या रेणूंमध्ये दिसणारी, ऑक्सिजन असलेली पाच कोनांची कडी खुणावत होती. अशा दोन कड्या एकमेकींना जोडल्या, तर त्यांतले दोन ऑक्सिजन विकराच्या कण्यावरच्या शेजारशेजारच्या दोन जागा एकाच वेळी पकडतात, असे क्ष-किरण चित्रांत दिसले. ही जोडकडी कोणत्या बाजूने वळलेली हवी, हेही महत्त्वाचे होते. रचनेचे आरशातले प्रतिबिंब बनवले तर पकड ढिली होत असे. एकेक अणू इकडून तिकडे हलवत, रेणू बांधून, तपासून, पुन्हा बांधून वर्षे गेली. जपानी वैद्यक संशोधक हिरोआकी मित्सुया यांच्यासोबत औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूंवर चाचण्या झाल्या. टिबोटेक कंपनीने ते औषध पुढे नेले आणि २३ जून २००६ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आधीची औषधे थकलेल्या रुग्णांसाठी हा मोठा आधार ठरला.

त्याचे नाव डारुनाविर. आडनाव घराण्याचे आणि नावात अरुण. हे नामकरण घोष यांच्या सन्मानार्थच झाले.

या गोळीसोबत रुग्णाला आणखी एक गोळी घ्यावी लागते, बहुधा रिटोनाविर. रिटोनाविरही नाविर घराण्यातलेच, पण इथे त्याला विषाणूशी कर्तव्य नाही. आपले यकृत परक्या रेणूंची विल्हेवाट लावणारी विकरे बाळगून असते आणि डारुनाविरचीही ती लगेच वाट लावतात. रिटोनाविर त्यातल्या मुख्य विकराला जखडून ठेवते. म्हणजे एक अटकाव विषाणूच्या विकराला आणि दुसरा रुग्णाच्या स्वतःच्या विकराला. हीच युक्ती पुढे कोविडच्या गोळीत कामी आली.

या कोविडच्या गोळीची गोष्ट सरकारी अर्थखात्यातल्या प्रत्येकाने वाचावी. २००३ मध्ये सार्सची साथ आली, तेव्हा फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांनी सार्स विषाणूच्या प्रोटिएजसाठी एक रेणू आखला होता. साथ ओसरली आणि रेणू कपाटात गेला. हिशेब तपासणाऱ्याला तो वाया गेलेला पैसाच वाटला असता. २०२० मध्ये कोविड आला. त्याचे प्रोटिएज सार्सच्या प्रोटिएजशी जवळपास जुळे निघाले. कपाट उघडले गेले, जुन्या रेणूवर नवे काम झाले, पोटातून शोषला जाईल असा निर्माट्रेलविर तयार झाला आणि २२ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेत त्याला रिटोनाविरसह आपत्कालीन मान्यता मिळाली. सतरा वर्षांपूर्वीची ‘वाया गेलेली’ मेहनत नसती, तर ही गोळी इतक्या लवकर येणे अवघड होते.

अर्थात आखलेले प्रत्येक औषध यशस्वी होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड तयार करण्यात एका प्रोटिएजचा हात आहे. १९९९-२००० मध्ये ते ओळखले गेले. घोष यांनी जॉर्डन टँग यांच्यासोबत त्यासाठीही अगदी सुरुवातीचे प्रभावी रेणू आखले. पुढे अनेक बड्या कंपन्यांनी या विकरासाठी औषधे बनवली, ती मेंदूत पोहोचली, विकर अडवले, अमायलॉइड घटलेही. रुग्ण मात्र सुधारले नाहीत. काहींची स्मृती उलट आणखी ढासळली. २०१७ ते २०१९ या काळात एकेक चाचणी बंद पडली. खडा अडकित्त्यात अचूक बसला होता, पण अडकित्ता चुकीचा असावा किंवा तो फार उशिरा अडवला गेला असावा. रसायनशास्त्र जीवशास्त्राची उणीव भरून काढत नाही. म्हणूनच या क्षेत्रात वर्षा-दोन वर्षांत निकाल मागणारा माणूस धोकादायक असतो.

आता आपल्याकडे पाहू. औषध बनवण्यात भारताचा हात धरणारे देश फार नाहीत, आणि हे कौशल्य आपोआप आलेले नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून टाकले आणि फक्त कृतीवरचे ठेवले. वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवायला मोकळीक मिळाली. मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले ए. व्ही. रामाराव यांनी पुढे हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतून एचआयव्हीवरचे एझेडटी बनवण्याची कृती मुंबईच्या सिप्ला कंपनीला दिली. हेही एक विकररोधकच. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांचे आयुष्य त्या एका निर्णयाने बदलले. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत आणि दिल्लीत सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत मिळू लागली.

२०१३ मध्ये न्यायालयातही असाच निकाल लागला. इमॅटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे औषध. निब घराण्यातले, म्हणजे कायनेज विकर रोखणारे. नोव्हार्टिसच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास, भारतीय गोळ्यांचा दहा हजारांच्या आत. जुन्याच रेणूच्या नव्या स्फटिकरूपावर पेटंट मागणारा दावा न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. हा निकाल योग्यच होता आणि तो टिकवला पाहिजे.

पण हे सगळे लढे दुसऱ्याने आखलेल्या रेणूसाठी होते. वहिनीच्या स्वयंपाकाची चव तंतोतंत उतरवणारी नणंद कौतुकास पात्रच असते. पण वहिनी माहेरी गेली की घराने काय खायचे? मलेरिया, काळा आजार, क्षय हे आजार ज्या देशांत कमी आहेत, तिथल्या कंपन्यांना त्यांच्यासाठी नवे रेणू आखण्यात रस नसतो. क्षयाचा सर्वांत मोठा बोजा तर आपल्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांनुसार जगातले सुमारे २६ टक्के नवे क्षयरुग्ण भारतात होते. जवळपास कोणत्याच औषधाला दाद न देणारे क्षयरुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले, तेव्हा २०१२ च्या सुरुवातीला जगभर खळबळ उडाली. त्याच वर्षाच्या शेवटी बेडाक्विलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. क्षयजंतूच्या ऊर्जा बनवणाऱ्या विकराला रोखणारे हे औषध चाळीस वर्षांतले पहिले नव्या प्रकारचे क्षयरोधक होते. त्याचा शोध मात्र बेल्जियममधल्या कंपनीत लागला.

आपल्याला ही विद्या जमतच नाही, असे नाही. मूत्रपिंडाच्या आजारात होणाऱ्या रक्तक्षयासाठी झायडस कंपनीने अहमदाबादेत आखलेले डेसिडुस्टॅट हे विकररोधक मार्च २०२२ मध्ये भारतात मान्य झाले. अरुण घोष स्वतः कोलकाता आणि कानपूरमध्ये घडले. अडते ते नंतरच्या वाटेवर. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, वाळूज, गोव्यातले वेर्णा, जिथे जाल तिथे एम.एस्सी. ऑरगॅनिक झालेली मुले दिसतात. त्यातली बहुतेक क्वालिटी कंट्रोलच्या टेबलावर दुसऱ्याच्या रेणूची शुद्धता तपासत असतात. ते काम आवश्यकच आहे. पण नवा रेणू आखून, बांधून, फसून, पुन्हा बांधायला लागणारी सात-आठ वर्षे त्यांना देणाऱ्या जागा राज्यात किती आहेत?

देश एकूण उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च करतो. २०२३ मध्ये केंद्राने औषधसंशोधनासाठी पाच हजार कोटींची योजना आणली, हे स्वागतार्ह आहे. तिच्या पहिल्या भागात ‘नायपर’ या राष्ट्रीय औषधविज्ञान संस्थांमध्ये उत्कृष्टता केंद्रे उभारायची आहेत. देशात अशा सात संस्था चालू आहेत. मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद, कोलकाता, गुवाहाटी, हाजीपूर आणि रायबरेली. देशाच्या औषधउद्योगाचे माहेरघर म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात त्यातली एकही नाही.

खरे तर ती असायला हवी होती. २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात महाराष्ट्र, राजस्थान आणि छत्तीसगड यांच्यासाठी तीन नव्या नायपरची घोषणा झाली होती. दशक उलटून गेले. राज्यातले खासदार संसदेत कांदा, साखर आणि रेल्वे यांवर भांडतात, ते भांडलेच पाहिजे. पुढच्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकाने तरी त्या घोषणेचे काय झाले, हे विचारावे.